खाडीपलीकडचं चौल

काशीदच्या पुळणीवर, सुरूच्या सावलीतल्या टपरीत तुम्ही बसला आहात. मावशी कोयत्याचे तीन घाव घालून शहाळं सोलतात. पहिला घोट घ्या, डोळे मिटा.

उघडाल तेव्हा कुंडलिकेच्या खाडीपलीकडे, चौल बंदरात उभे असाल. पंधरावं शतक. गलबतातून उतरवलेला घोडा बिथरलाय आणि लगामाला लोंबकळणाऱ्या गोऱ्या परदेशी माणसामागे बघ्यांचा घोळका. हा अफनासी निकितिन, रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. एका घोड्याच्या भरवशावर तो इथवर आलाय, कारण घाटावर बहमनी सुलतानाचं लष्कर आहे आणि त्याला घोडे हवेत. गिऱ्हाईक आहे, घाटवाट आहे, बंदर आहे. कोकणच्या याच किनाऱ्यावर बघा, धंदा कसा बहरलाय!

पुढे मुंबई वाढली, व्यापार तिकडे गेला.

आता १९३३. अलिबागजवळचं चरी. खळ्यावर भाताची रास, शेजारी उभा कुळाचा माणूस. मापटं मात्र खोताच्या माणसाच्या हातात. निम्म्याहून जास्त भात डोळ्यांदेखत निघून जातं. शेतकरी पुढारी नारायण नागू पाटलांच्या मागे कुळं संपावर जातात, १९३९पर्यंत जमिनी पडीक ठेवतात. सहा वर्षं पोटाला चिमटा घेऊन टिकणाऱ्या या माणसांत धमक नव्हती म्हणायचं? ज्याच्या कणगीत बियाण्यापुरतं उरत नाही, त्याने भांडवल आणायचं कुठून? ‘कोकणी माणूस धंद्यात कच्चा’ हे वाक्य मला म्हणूनच सहन होत नाही.

१९८१. पडवीत पोस्टमन मनिऑर्डर मोजून देतोय. मुंबईच्या कापडगिरणीत गेलेल्या मुलाचे पैसे संध्याकाळपर्यंत वाण्याच्या उधारीत जातात. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू होतो, आणि पोस्टमन दारावरून पुढे निघून जातो.

शहाळं अजून तुमच्या हातात आहे. साळावच्या पुलावरून मुंबईच्या गाड्या येतायत. जी खाडी तरीतून ओलांडावी लागे, तिच्यावरून गिऱ्हाईक आता दारात येतं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळाने या किनाऱ्याला झोडपलं, तरी टपऱ्या पुन्हा उभ्या आहेत.

तुम्ही पैसे देता. मावशी घरखर्चाच्या नोटा कनवटीला लावतात. दोन नोटा वेगळ्या घडी करून पत्र्याच्या डब्यात टाकतात, उद्याच्या शहाळ्यांसाठी.