महात्मा फुले वाडा

महात्मा फुले वाडा (समता भूमी) हे पुण्यातील गंज पेठेतील, म्हणजे सध्याच्या महात्मा फुले पेठेतील, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांचे निवासस्थान होय. वास्तूचे बांधकाम इ.स. १८५२ च्या सुमाराचे मानले जाते. नावात 'वाडा' असला तरी पेशवाईतील सरदारांच्या वाड्यांशी या घराची तुलना होत नाही. ते एका साध्या कुटुंबाचे बैठे घर आहे.

फुले घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे आणि मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. पेशव्यांच्या दरबारी फुले पुरविण्याच्या व्यवसायावरून 'फुले' हे नाव रूढ झाले.

बालहत्या प्रतिबंधक गृह

फसवणुकीतून गरोदर राहिलेल्या ब्राह्मण विधवांना पुनर्विवाह करता येत नसे, आणि लोकलज्जेपोटी नवजात अर्भके मारली जात. अशा स्त्रियांना गुप्तपणे बाळंत होता यावे म्हणून फुले दांपत्याने १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. त्यासाठी निराळी इमारत घेतली नव्हती. हे काम राहत्या घरीच चाले. १८८४ पर्यंत तेथे ३५ विधवा बाळंत झाल्याची नोंद आढळते. स्वतःचे मूल नसलेल्या या दांपत्याने १८७४ साली तेथेच जन्मलेल्या काशीबाई या विधवेच्या मुलास दत्तक घेतले. हेच पुढे डॉक्टर झालेले यशवंत. १८८९ साली त्यांचा विवाह ग्यानोबा ससाणे यांच्या कन्येशी सत्यशोधक पद्धतीने झाला.

हौद

१८६८ मध्ये जोतीरावांनी घराच्या आवारातील पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. सार्वजनिक पाणवठ्यावर बंदी असलेल्या लोकांना खाजगी घरात पाणी भरू देणे म्हणजे स्वतःच्या जातीचा रोष ओढवून घेणे होते.

मृत्यू आणि समाधी

जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र केले. पुढील वर्षी पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' डाव्या हाताने लिहून पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. आपला देह मिठात पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. नगरपालिकेने परवानगी नाकारल्याने दहन करावे लागले. अंत्ययात्रेच्या वेळी दत्तकपुत्राच्या अधिकारावर भाऊबंदांनी आक्षेप घेतला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. त्या काळी स्त्रीने असे करणे जवळपास अकल्पनीय होते. अस्थी घराच्या आवारात ठेवण्यात आल्या, आणि तेथील तुळशीवृंदावन ही त्यांची समाधी होय.

१८९७ च्या प्लेगात यशवंतांनी हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना काढला. तेथे शुश्रूषा करताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च रोजी त्या वारल्या. यशवंतांचेही पुढे अकाली निधन झाले व कुटुंबाच्या हातून घर गेले. ज्या वारसाच्या हक्कासाठी सावित्रीबाईंनी टिटवे हाती घेतले, त्याच्या पश्चात ते घराण्यात एक पिढीही टिकले नाही.

स्मारक

१९७२ मध्ये वाडा राज्य संरक्षित स्मारक म्हणून घोषित झाला. जोतीरावांच्या जयंतीस (११ एप्रिल) व स्मृतिदिनी येथे राज्यभरातून लोक येतात. जवळच सावित्रीबाई फुले स्मारक आहे.