फळ्यावरचा वाटाणा, शेतातली पऱ्हाटी

आपल्या दहावीच्या वर्षी, १९९४-९५ मध्ये, मॅडमनी फळ्यावर मेंडेलचा वाटाणा काढला होता. पहिल्या पिढीत सगळी झाडे उंच, दुसऱ्या पिढीत तीन उंच, एक बुटके. हमखास येणारा प्रश्न म्हणून आपण तो पाठ केला. त्याच वर्षी तो प्रश्न आमच्या शेतात उगवला होता. मला ओळखता आला नाही.

पैशाची ओढाताण होती, म्हणून बाबांनी संकरित कपाशीचे नवे पाकीट न आणता आदल्या वर्षीच्या पिकाचीच सरकी लावली. पऱ्हाटी कुठे कमरेइतकी, कुठे गुडघ्याइतकी, बोंडेही कमीजास्त. "बियाणं बिघडलं," बाबा म्हणाले. बिघडले काहीच नव्हते. संकरित झाडात एकत्र आलेले दोन वाणांचे गुण पुढच्या पिढीत पुन्हा वेगवेगळे वाटले जातात. फळ्यावर तेच तर होते!

कपाशीचा इतिहास वाचायला घेतला तो नोकरी लागल्यावर. आपल्या देशी कपाशीच्या पेशीत २६ गुणसूत्रे, अमेरिकन कपाशीत ५२. म्हणून त्यांचा संकर सहज होत नाही. १९७० मध्ये सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांनी दोन अमेरिकन प्रकारच्या वाणांतून 'संकर-४' तयार केला. व्यापारी लागवडीचा तो जगातला पहिला संकरित कापूस. एका वाणाच्या फुलातले पुंकेसर हाताने काढायचे आणि दुसऱ्याचे पराग लावायचे, असे ते काम. २००२ मध्ये बीटी कापूस आला, तोही संकरित वाणांतूनच. त्यामुळे दर जूनला बियाण्याच्या दुकानासमोर उभे राहणे आलेच.

गंमत अशी की मेंडेल स्वतः शाळेत शिकवत असे. शिक्षकाची परीक्षा दोनदा देऊनही तो पास झाला नाही. १८६६ मध्ये छापलेल्या त्याच्या निबंधाची किंमत जगाला कळली ती १९०० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी.

आणि आपले वर्धा? २२ व २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथेच शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन समितीने मातृभाषेतून, हाताच्या कामातून शिकवायचा आराखडा मांडला. पुढे सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम् यांनी ती नयी तालीम चालवली. सूतकताई हे त्यातले एक मुख्य काम. कापूस हातात घेऊनच गणित, भूगोल, विज्ञान शिकायचे. त्याच गावच्या परिसरात आपण वाटाण्यावर मार्क मिळवले आणि कापूस नुसता वेचला.

बाबांना मी हे सगळे समजावून सांगितले, तोवर शेत विकले गेले होते. ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "तेव्हाच सांगायचं होतं नं, बेटा."

मॅडम, तुम्ही शिकवले होते. जोडायचे माझ्याकडून राहिले. या मेळाव्यात एक विनंती करते. शाळेच्या कुंपणालगत देशी कपाशीची एक ओळ, संकरित कपाशीची एक ओळ आणि संकरिताच्याच सरकीची तिसरी ओळ लावू या. बियाण्याचा खर्च आपल्या बॅचचा. मोजणी मुलांनी करायची.