पूर अडवायचा, तर नदीला जागा का द्यायची?

पुरापासून वाचायचं तर तटबंध उंच करायचे, हा नेहमीचा उपाय. पण तटबंध नदीला खेटून असतील तर पाणी आणखी चढतं आणि काठावरच्या पाणथळ जागाही आक्रसतात.

१९९५ मध्ये नेदरलँड्समध्ये पुराच्या धोक्यामुळे सुमारे अडीच लाख लोकांना हलवावं लागलं. त्यानंतर 'रूम फॉर द रिव्हर' योजनेत ३० हून अधिक ठिकाणी नदीला जागा दिली गेली. नायमेखन शहराजवळ ऱ्हाईनच्या वाल या फाट्याचा तटबंध ३५० मीटर मागे नेला आणि शेजारी नवा प्रवाह खोदला. पुराची पातळी सुमारे ३५ सेंटिमीटरने उतरली, काठावर निसर्गालाही वाव मिळाला.

त्यासाठी सुमारे ५० घरं मात्र हटवावी लागली. म्हणूनच नदीची जागा बांधकामाआधीच राखून ठेवलेली बरी. नंतर ती कुणाच्या तरी अंगणातूनच घ्यावी लागते.