वेणा आणि वाद

बाळंतवेणा बाईने सोसायच्याच, ही समजूत एकट्या आपल्या समाजाची नव्हे. एडिंबरा येथे जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४७ च्या जानेवारीत प्रसूतीसाठी ईथर वापरले, नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म. आक्षेप बायबलच्या आधाराने आले, त्याहून अधिक वैद्यकातूनच आले. ७ एप्रिल १८५३ रोजी जॉन स्नो यांनी राणी व्हिक्टोरियाला रुमालावर क्लोरोफॉर्म हुंगवला, तेव्हा ‘लॅन्सेट’ने टीकाच केली. धास्ती अगदीच निराधार नव्हती. मात्रा चुकली तर जिवावर बेतत असे.

१९२१ मध्ये स्पेनचे लष्करी शल्यविशारद फिदेल पाजेस यांनी कमरेच्या मणक्यांतून, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर औषध सोडण्याची पद्धत मांडली. शुद्ध न हरपता बधिरता आली. १९४२ मध्ये अमेरिकेत हिंगसन आणि एडवर्ड्स यांनी माकडहाडाकडून त्याच पोकळीत पुनःपुन्हा औषध देऊन वेणा शमवल्या.

२०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात चाळीस चाचण्या, अकरा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. अफूवर्गीय औषधांपेक्षा एपिड्युरलने वेदना अधिक शमतात, सिझेरियन वाढत नाही; मात्र रक्तदाब उतरणे, ताप येणे हे त्रास अधिक दिसतात.

वेदना मोजणारे यंत्र आजही नाही. या चाचण्यांतले माप म्हणजे बाळंतिणीने स्वतः दिलेले उत्तर. एकोणिसाव्या शतकातल्या वादात मुख्यतः पुरुषच बोलत होते.