आर्केड स्टिक

लढतीच्या व्हिडिओ गेमसाठी वापरले जाणारे, दांडा व मोठी गोल बटणे एकाच पेटीवर बसवलेले नियंत्रण साधन. ‘स्ट्रीट फायटर २’ने (१९९१) तीन ठोसे आणि तीन लाथा अशी सहा बटणांची मांडणी जगभर लोकप्रिय केली.

निवडताना आधी दांडा पाहावा. जपानी दांड्याखाली सहसा चार मायक्रोस्विच असतात आणि त्याची हालचाल एका चौकटीत अडवलेली असते. चौकोनी चौकटीत तिरप्या दिशा कोपऱ्यात नेमक्या सापडतात. अष्टकोनी चौकटीत आठही दिशांना खाच जाणवते. कोरियन दांडा रबराच्या ताणाने मध्यावर परततो. सान्वा कंपनीचा जेएलएफ हाताला हलका लागतो, तर सेइमित्सूचा एलएस-३२ अधिक घट्ट असून थोड्याच हालचालीत दिशा नोंदवतो.

मुख्य बटणे बहुधा ३० मिमी. व्यासाची असतात. ती खटक्याने बसणारी व तारा डाग न देता जोडता येणारी असल्यास घरी बदलता येतात. पेटी रुंद आणि वजनदार असावी, म्हणजे ती मांडीवरून घसरत नाही. कन्सोलशी सुसंगतता खरेदीपूर्वीच तपासावी. दिखाऊ सजावटीपेक्षा सुटे भाग बदलता येण्याची सोय हाच दर्जाचा खरा निकष होय.