वजाबाकीची सायकल

जगातल्या बहुतेक यंत्रांचा इतिहास हा बेरजेचा असतो. रेडिओला घड्याळ जोडतात, घड्याळाला गजर जोडतात, आणि आपली झोप तेवढी वजा होते. सायकलीचं मात्र उलटं आहे. तिच्यावर खरं प्रेम करणारी माणसं तिच्यातून सतत काहीतरी काढूनच टाकत असतात. जन्म बँकेत जमा-खर्च लिहिण्यात चालल्यामुळे हा हिशेब मांडून बघायचा मोह मला आवरत नाही.

सुरुवातीची शिल्लक १८१७ सालची. जर्मनीत कार्ल ड्राइस नावाच्या गृहस्थाने दोन चाकांची लाकडी गाडी केली. तिला पेडल नव्हतं. वर बसायचं आणि पायांनी जमीन मागे ढकलायची. पुढे १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पेडल आलं, पण ते थेट पुढच्या चाकाला. म्हणजे वेग हवा तर चाक मोठं करा! चाक छातीपर्यंत पोचलं आणि स्वार तोंडावर आपटू लागले. यातून सोडवलं ते साखळीने. १८८० मध्ये मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने रोलरची साखळी केली आणि १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्लीची 'रोव्हर' आली. सारख्या उंचीची दोन चाकं, मागच्या चाकाला साखळी. आपली सायकल ती हीच.

मग गिअर आले. पण टूर द फ्रान्स शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांना ते मुळीच पसंत नव्हते. गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी असतात, असं त्यांचं मत सांगतात. (माझ्या हातात अजून दोन वर्षं आहेत.) साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरला टूरमध्ये मोकळीक मिळाली ती थेट १९३७ मध्ये.

वजाबाकीचा कळस केला एडी मर्क्सने. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत तो तासाभराच्या विक्रमासाठी उतरला. एर्नेस्तो कोलनागोने बांधलेली ती सायकल सहा किलोंच्या आत होती. एकच गिअर, ब्रेक नाही. हँडलला भोकं, आणि साखळीलासुद्धा भोकं! तासाभरात तो ४९.४३१ किलोमीटर गेला आणि आयुष्यात याहून कठीण काही केलं नाही, अशा अर्थाचं बोलला. पुढे २००० साली ख्रिस बोर्डमनने साधारण तशाच जुन्या पद्धतीच्या सायकलीवर ४९.४४१ किलोमीटर काढले. अठ्ठावीस वर्षांच्या मुदत ठेवीवर दहा मीटर व्याज!

आता हौशी मंडळींची नजर खुद्द साखळीवर गेली आहे. तेल नको, गंज नको, पँटला काळे डाग नकोत. म्हणून पट्टा! पिठाच्या गिरणीत फटफटणारा पट्टा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो घसरतो; सायकलीचा दातेरी असल्यामुळे घसरत नाही. जपानच्या ब्रिजस्टोनने १९८० च्या दशकातच घडीच्या सायकलीला असा पट्टा लावला होता. हल्लीच्या पट्ट्याच्या पोटात कार्बनचे धागे असतात. तो साखळीहून हलका, आणि साखळीसारखा सैलावत नाही.

पण व्यवहारात फुकट काही मिळत नाही. साखळीची कडी उघडता येते. पट्ट्याला सांधाच नसतो. मग तो सायकलीच्या मागच्या त्रिकोणात शिरणार कसा? त्यासाठी चांगली धडधाकट नळी कापून तिथे उघडता येणारा जोड बसवावा लागतो. पट्टे ठराविक लांबीचेच मिळतात, त्यामुळे दोन चक्रांतलं अंतर आधी पट्ट्याला विचारून ठरवायचं. साखळीसारखा तो बाजूच्या चक्रावर उडी मारत नाही, म्हणून एकच गिअर घेणाऱ्याशी त्याचं उत्तम जमतं. ताण मात्र नेमका हवा. आणि इतकं करूनही नीट तेल घातलेली साखळी पायांची ताकद पट्ट्याहून थोडी कमीच खाते, ती खातीच!

म्हणजे गिअर काढले, तेल काढलं, वजन काढलं, तरी यातलं काहीच नाहीसं झालेलं नाही. सगळं पायांच्या नावे पडलं आहे. मर्क्सच्या खात्यावरही शेवटी तेच पडलं होतं.

तरीही माणसं अशी सायकल बांधतात. महिनोन्महिने ग्रॅम मोजतात आणि मग चढाला लागतात. ही सायकल चालताना जवळजवळ आवाजच करत नाही. त्यामुळे चढावर जी धाप ऐकू येते ती कोणाची, याबद्दल मात्र काही शंका उरत नाही.