तुऱ्यातली खोट

मक्याच्या एकाच ताटावर दोन वेगळ्या जागी फुलं येतात. शेंड्यावरचा तुरा नर, खाली पानाच्या बगलेत येणारं कणीस मादी. कणसातून बाहेर लोंबणारा प्रत्येक केस आत एकेका होऊ घातलेल्या दाण्याशी जोडलेला असतो. तुऱ्यातले परागकण वाऱ्यानं त्या केसांवर पडले, की दाणे भरतात.

संकरित बियाणं तयार करणाऱ्यांना ही रचना फार सोयीची. दोन वाणांच्या ओळी शेजारी-शेजारी लावायच्या आणि एका वाणाचे तुरे पराग सांडायच्या आत खुडून टाकायचे. मग त्याच्या कणसांवर पराग पडतो तो शेजारच्या वाणाचाच. अशा संकरातून येणारं पीक जोमदार असतं. अमेरिकेत १९३० नंतर हे बियाणं झपाट्यानं पसरलं.

प्रश्न होता, तुरे खुडणार कोण? त्यासाठी दर उन्हाळ्याच्या सुट्टीत हजारो शाळकरी मुलं-मुली शेतात उतरायची. पानांच्या कडांनी हात कापायचे, अंगाला घाम आणि पराग चिकटायचा. खुडायचे दिवस मोजकेच, त्यामुळे बियाणं कंपन्यांचा मजुरीवरचा खर्च मोठा होता.

१९४४ साली टेक्सासमध्ये रॉजर्स नावाच्या संशोधकाला अशी झाडं सापडली, ज्यांच्या तुऱ्यात पराग तयारच होत नव्हता. झाडाच्या दृष्टीनं ही खोट, पण बियाणं करणाऱ्यांच्या दृष्टीनं लॉटरी! हे नरवंध्यत्व पेशीच्या केंद्रकातून येत नव्हतं, तर पेशीद्रव्यातून येत होतं, आणि पेशीद्रव्य मिळतं आईकडून. म्हणजे अशा आईची सगळी लेकरं तशीच निपजणार. शेतकऱ्याच्या शेतात मात्र पराग हवाच, नाहीतर दाणे भरणार कसे? त्यासाठी पराग परत आणणारी जनुकं असलेला वाण बाप म्हणून निवडायचा. गणित जमलं, आणि खुडणाऱ्या मुलांची गरज संपत गेली.

१९७० पर्यंत अमेरिकेतल्या संकरित मक्यापैकी सुमारे ८५ टक्के मक्यात हेच 'टेक्सास' पेशीद्रव्य होतं. कंपन्या वेगळ्या, पाकिटं वेगळी, वाणांची नावं वेगळी, पण आई एकच.

त्याच वर्षी करपा आला. तो घेऊन आलेली बुरशी जुनीच होती, पण तिचा एक नवा प्रकार पसरला होता. फ्लोरिडाकडून सुरुवात झाली आणि उन्हाळा सरेपर्यंत वाऱ्यावर उडत तिचे बीजाणू थेट मक्याच्या मुख्य पट्ट्यात पोहोचले. पानांवर डाग पडले, ताटं कोलमडली, कणसं कुजली. देशाच्या मक्याचं सुमारे १५ टक्के पीक गेलं. दक्षिणेतल्या काही शेतांत तर निम्म्याहून जास्त. नुकसान जवळपास १०० कोटी डॉलर्सचं होतं.

इशारा आधीच मिळाला होता. या पेशीद्रव्याचा मका करप्याला जास्त बळी पडतो, हे फिलिपीन्समधल्या संशोधकांनी १९६१ मध्येच छापलं होतं. अमेरिकेत त्याकडे दूरच्या देशातली, तिथल्या हवामानाची गोष्ट म्हणून पाहिलं गेलं.

नेमकं कारण कळायला १९८० चं दशक उजाडलं. या मक्याच्या तंतुकणिकांमध्ये, म्हणजे पेशीच्या वीजघरांमध्ये, एक विचित्र जनुक सापडलं. जुन्या जनुकांचे तुकडे जुळून ते तयार झालं होतं. त्याच्यापासून बनणारं प्रथिन तंतुकणिकेच्या पडद्यात बसतं. बुरशीचं विष त्या प्रथिनाला चिकटलं, की पडद्याला भोकं पडतात आणि वीजघर बंद पडतं. पराग न होण्यामागेही तेच जनुक होतं. म्हणजे ज्या खोटीमुळे तुरा वांझ झाला, तिच्यातूनच रोग आत शिरला.

पण मग बाकी झाड धडधाकट आणि फक्त पराग गायब, असं का? परागकोशाच्या आत पेशींचं एक अस्तर असतं. तेच परागकणांना पोसतं, आणि त्या कामाला प्रचंड ऊर्जा लागते. नरवंध्य मक्यात हे अस्तर वेळेआधीच कोलमडतं. फ्रान्समधल्या संशोधकांनी १९८२ साली याची एक रासायनिक खूण नोंदवली. निरोगी मक्याच्या परागकोशांत पॉलिअमाइनपासून बनलेली संयुगं भरपूर होती, नरवंध्य मक्यात ती नव्हती. स्पर्मिन आणि स्पर्मिडिन ही पॉलिअमाइन कुटुंबातलीच. स्पर्मिनचे स्फटिक सतराव्या शतकात लेवेनहूकनं मानवी वीर्यात पाहिले होते, म्हणून हे नाव. पुढे दुसऱ्या एका वनस्पतीत दिसलं, की अशी संयुगं ते अस्तरच बनवतं आणि परागकणांवर चढवतं. मग अस्तरच ढासळलं तर ती येणार कुठून?

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडेही एखादं फुकटचं, नीट चालणारं पॅकेज सगळेच वापरतात आणि त्यात भोक सापडलं की सगळ्यांची झोप एकाच रात्री उडते. पण आम्ही सकाळपर्यंत पॅच टाकतो. बियाण्याला पॅच नसतो, ते आदल्या हंगामातच पिकवावं लागतं. १९७१ साली सगळ्यांना पुरेल इतकं साधं बियाणं नव्हतंच. अनेकांनी मिश्र बियाणं पेरलं, आणि त्या वर्षी हवामान बुरशीला मानवलं नाही म्हणून निभावलं.

ही गोष्ट आपल्यापासून फार लांबची नाही. १९५४ साली टेक्सासमध्येच ज्वारीतलं नरवंध्यत्व शोधलं गेलं, 'मायलो' पेशीद्रव्यातलं. त्याच्याच जोरावर १९६४ मध्ये भारताची पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, आली. आपल्या खेड्यांत अजूनही 'हायब्रीड' म्हटलं की लोकांना आधी ज्वारीच आठवते. त्यानंतरही देशातल्या बहुतेक संकरित ज्वारीची आई हेच मायलो राहिलं. या पेशीद्रव्यावर मक्यासारखं संकट आलेलं नाही. टेक्सासच्या मक्याबद्दलही १९६९ पर्यंत अमेरिकेतला शेतकरी हेच सांगू शकला असता.

करप्यानंतर अमेरिकेतल्या कंपन्यांनी जुना मार्ग धरला. शाळा सुटल्या, आणि मुलं पुन्हा तुरे खुडायला शेतात उतरली.